पाढा तोंडपाठ, तरी ‘आठ साते’ अडतं: बेरजा आणि पाढे पक्के करून घेण्याची रीत

चौथीतल्या एखाद्या मुलाला ४३७ भागिले ७ करायला द्या आणि शेजारी बसून नुसतं बघा. ‘४३ मध्ये ७ किती वेळा?’ इथे तो थांबतो. ओठ हलायला लागतात: सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस… करत करत ‘सात सक बेचाळीस’ला पोचतो. पण तोवर हे ४२ कशातून वजा करायचे होते, पुढचा ७ खाली घेतला की घ्यायचाय, हे निसटून गेलेलं असतं. वहीवर शेरा पडतो, ‘भागाकार येत नाही’. भागाकाराची रीत त्याला येत असते. सात सक बेचाळीस हाताशी नसतं, एवढंच.

डोक्यात एका वेळी फार गोष्टी धरता येत नाहीत. पाढा पहिल्यापासून म्हणण्यातच सगळी जागा खर्च झाली, तर गणितासाठी उरत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीत मुलांना हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायचं गणित देतात. ही दोन्ही गणितं तपासून बघा. बरीच मुलं रीतीत नाही, १३ वजा ८ किंवा सात सक किती, असल्या बारीक जागी अडकतात.

पहिली ते पाचवीला नव्याने शिकवायला लागलेले शिक्षक आणि घरी अभ्यास घेणारे आईबाबा, आजी-आजोबा यांच्यासाठी हे लिहितोय. पक्कं करायचं ते एवढंच: एकअंकी संख्यांच्या बेरजा, त्यांच्या उलट वजाबाक्या, दहापर्यंतचे पाढे आणि त्यांचे उलट भागाकार. माझं सांगणं एकच आहे. पाढा म्हणता येणं आणि पाढ्यातली एक ओळ सुटी आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दिवेलागणीला पर्वचा म्हणण्याची आपली पद्धत पहिलं काम फार छान करते. दुसरं वेगळं करून घ्यावं लागतं, आणि ते कुणी करून घेत नाही.

आधी तपासणी

मूल कुठे आहे हे कळल्याशिवाय काही सुरू करू नका. एकेकाला जवळ बोलवा. पाटी-पेन्सिल नको, तोंडीच आठ प्रश्न: ३ आणि ४ किती, ६ आणि ४ किती, ८ आणि ५ किती, १३ मधून ८ गेले किती; मग सहा दुणे, पाच साते, नऊ चोक, सात आठे. (तुमच्याकडे ‘सत्ते’ म्हणत असतील तर ‘सत्ते’ म्हणा. घरी आजी म्हणते तेच शाळेत चालू द्या.) पहिली-दुसरीला शेवटचे चार प्रश्न वगळा.

उत्तर बरोबर की चूक यापेक्षा ते कसं आलं हे बघायचं. साधारण तीन सेकंदांत आलं तर बरोबरची खूण. थोडा हिशोब करून आलं तर गोल. एकेक मोजत आलं तर रेघ. मग विचारा, “कसं काढलंस गं?” हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारायचा, नाहीतर ‘कसं काढलंस’ म्हणजे ‘चुकलंस’ असं मुलं धरून चालतात आणि लगेच उत्तर बदलतात.

८ + ५ चंच घ्या. एक मुलगी आठ बोटं काढते, बोटं संपली म्हणून गोंधळते, पुन्हा एकपासून सुरू करते. दुसरी ‘आठ’ म्हणून थांबते आणि पुढे नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा मोजते. तिसरी म्हणते, “आठात दोन घातले दहा, राहिले तीन, तेरा.” उत्तर तिघींचं एकच असेल, पण तिघींचं काम वेगळं आहे. पहिलीला आठच्या पुढे मोजायला शिकवायचं, दुसरीला दहा करायला. पाठांतराची वेळ आलीय ती तिसरीची. गडबड होते ती इथेच, कारण सगळ्यांना एकदम ‘पाठ करा’ म्हणून सांगितलं जातं. रेघेवरून थेट बरोबरच्या खुणेवर उडी मारता येत नाही, मध्ये गोल लागतो.

बोटांबद्दल एक. बाकाखाली हात लपवून मोजणारी मुलं दिसली तर समजा, आधी कुणीतरी ओरडलंय. बोटं चालतात. फक्त एकेक बोट मोजण्याऐवजी सात म्हटलं की एक पूर्ण हात आणि दोन बोटं झटक्यात वर आली पाहिजेत. पाचाचा गठ्ठा न मोजता ओळखता आला की अर्धं काम झालं.

पायरी पहिली: दहाच्या जोड्या

किराणा दुकानातून अंड्यांचा रिकामा ट्रे मागून आणा. पाच-पाचाच्या सहा ओळी, तीस खळगे. दोन ओळी कापल्या की दहा खळग्यांचा तुकडा मिळतो. एका ट्रेत तिघा मुलांचं काम भागतं. चिंचोके किंवा बाटल्यांची झाकणं घ्या. सात ठेवले की वरची ओळ भरते, खालच्या ओळीत दोन, आणि तीन खळगे रिकामे. आता दोन प्रश्न: किती आहेत? किती रिकामे? दोन्ही एकाच नजरेत दिसतात.

पुढे ट्रे दोन सेकंद दाखवायचा आणि वहीने झाकायचा. मोजायला वेळच नसतो, त्यामुळे मूल चित्र डोळ्यांपुढे आणून सांगतं, “वरची भरलेली, खाली चार. नऊ.” बरेच दिवस हे खेळा. कंटाळा तुम्हालाच आधी येईल, मुलांना येत नाही.

मग मुठीचा खेळ. दहा चिंचोके मुलाकडूनच मोजून घ्यायचे, काही उजव्या मुठीत लपवायचे, बाकीचे टेबलावर सोडायचे.

“किती दिसतात?”
“तीन.”
“मग मुठीत?”
आधी मूल मूठ उघडायला बघतं. मग दिसणाऱ्या तिनाच्या पुढे बोटांवर मोजतं. काही दिवसांनी मूठ बंद होता होताच “सात!” येतं.

१ आणि ९, २ आणि ८, ३ आणि ७, ४ आणि ६, ५ आणि ५: जोड्या पाचच. पण पुढच्या सगळ्या बेरजा-वजाबाक्या यांच्यावर उभ्या राहतात, म्हणून इथे घाई करायची नाही. पहिलीचं दुसरं सत्र यातच गेलं तरी हरकत नाही.

पायरी दुसरी: बेरजा

शून्यापासून नऊपर्यंतच्या सगळ्या बेरजांचा तक्ता केला तर चौकोन होतात १००. आकडा बघून धास्ती वाटते, पण ३ + ८ आणि ८ + ३ एकच, हे मुलांना कळलं की उरतात ५५. त्यातल्या शून्य, एक आणि दोन मिळवण्याच्या २७ बेरजा पुढे मोजूनही चटकन होतात. उरल्या २८.

या २८ मध्ये दुपटी आहेत: ३ + ३ पासून ९ + ९ पर्यंत. दुपटी मुलांना का कोण जाणे लवकर पाठ होतात. सहा-सहा बारा, सात-सात चौदा हे बोलता बोलता बसतं. दुपटीला लागून असलेल्या बेरजा त्यातूनच निघतात. सहा-सहा बारा, म्हणून सहा-सात तेरा. दहाच्या जोड्या झालेल्या आहेतच. ८ आणि ९ च्या बेरजांना दहा करायचे: ९ + ४ म्हणजे ४ मधला एक काढून नवाला द्यायचा, दहा आणि तीन. ट्रेचे दोन तुकडे शेजारी ठेवा आणि तो एक चिंचोका मुलाला स्वतः उचलून दुसऱ्या ट्रेत ठेवू द्या. फळ्यावर बाण काढून दाखवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

एवढं झालं की तक्त्यात चारच बेरजा शिल्लक राहतात: ३ + ५, ३ + ६, ४ + ७, ५ + ७. त्या सरळ पाठ करा. तक्ता भिंतीवर लावून येणारे चौकोन मुलांकडून रंगवून घ्या. रिकामे चौकोन कमी होताना दिसले की मुलांना हुरूप येतो.

वजाबाकीचं वेगळं पाठांतर घेऊ नका. १३ वजा ८ म्हणजे ‘आठात किती घातले की तेरा?’ असंच विचारायचं. आठात दोन दहा, आणि तीन, म्हणजे पाच. बाजारात ३८ रुपयांच्या भाजीला पन्नासची नोट दिली की भाजीवाल्या मावशी ‘अडतीस, हे दोन, चाळीस, आणि हे दहा, पन्नास’ असे वरचे पैसे हातावर ठेवतात. खेळातल्या नोटा-नाणी घेऊन वर्गात तसंच दुकान मांडा. तेरातून आठ मागे मोजत जाणारी मुलं फार चुकतात. तेरा स्वतः धरायचा की नाही, इथेच घोळ होतो.

पायरी तिसरी: पाढे, पण क्रम बदलून

बे, तीन, चार असा चढता क्रम म्हणायला सोयीचा आहे, शिकायला नाही. मी घेतो तो क्रम असा: २, १०, ५, ४, ९, ३, ६, ८ आणि शेवटी ७.

बेचा पाढा म्हणजे दुपटी, त्या बेरजांत येऊन गेल्या. दहाचा सोपा. पाचाचा घड्याळाच्या मिनिटांवरून. चारचा म्हणजे दुपटीची दुप्पट: ७ चोक? सात दुणे चौदा, चौदाची दुप्पट अठ्ठावीस. नवाचा दहाच्या पाढ्यावरून: नऊ साते म्हणजे सत्तरातून सात गेले, त्रेसष्ट. बोटं मिटून नवाचा पाढा काढण्याची गंमत मुलांना जरूर दाखवा, पण भर सत्तर वजा सातवर ठेवा. पुढे १९ किंवा ९९ ने गुणताना तीच युक्ती कामी येते, बोटं येत नाहीत. तीनचा पाढा दुपटीत आणखी एकदा मिळवून. सहाचा पाचावरून: सहा आठे म्हणजे पाच आठे चाळीस आणि आठ, अठ्ठेचाळीस. आठचा चारची दुप्पट.

सातचा पाढा शेवटी ठेवलाय, कारण तोवर त्यात शिकण्यासारखं एकच उरलेलं असतं: सात साते एकोणपन्नास. बाकी सगळं आधीच्या पाढ्यांतून उलट्या बाजूने येऊन गेलेलं असतं. सातच्या पाढ्याला भिणाऱ्या मुलांना हे मुद्दाम दाखवा. वहीत सातचा पाढा लिहायला सांगा आणि एकेका ओळीपुढे ‘हे कुठे आलं होतं?’ ते लिहून घ्या.

पण ‘सात आठे’ आणि ‘आठ साते’ एकच, हे पाढा म्हणताना कधीच कळत नाही. कानाला ती दोन वेगळी वाक्यं आहेत, वेगळ्या दिवशी पाठ केलेली. ते डोळ्यांनी दाखवावं लागतं. कागदावर चार-चार चिंचोक्यांच्या तीन ओळी मांडा. “किती?” “तीन चोक बारा.” आता कागद आडवा फिरवा. चिंचोका एकही हलला नाही, आणि ओळी झाल्या चार, प्रत्येकीत तीन. “आता?” इथे काही मुलं पुन्हा मोजायला लागतात. मोजू द्या. तीन-चार वेगवेगळ्या मांडण्या फिरवून झाल्या की कुणीतरी म्हणतंच, “बाई, ते तेच की!”

आता पाढ्यांचाही तक्ता घ्या. १ ते १० चे १०० चौकोन. एकचा आणि दहाचा काढला, उलटसुलट जोड्या एकच धरल्या, की उरतात ३६. त्यातून बे, पाच आणि नऊ बाजूला केले की १५. त्यातले पाच वर्ग (तीन त्रिक, चार चोक, सहा सक, सात साते, आठ आठे), बाकी दहा. माझ्या अनुभवात या दहांतले तीन सगळ्यांत चिवट: सहा साते, सहा आठे, सात आठे. सात आठेसाठी ५, ६, ७, ८ असे चार आकडे ओळीने लिहा: ५६ = ७ × ८. बाकी दोघांना पाचाचा आधार आहेच.

तालावर म्हणणं सोडायचं नाही. ‘बे दुणे चार’ इतकं आटोपशीर आणि तालातलं वाक्य आपल्याकडे तयार आहे, ते वापरायचं. परिपाठाला एक पाढा जरूर म्हणा. पण त्याच दिवशी तो मोडायचाही: उलटा म्हणायचा (दाहे, नवे, आठे…), मधूनच पाचेपासून सुरू करायचा, अर्ध्या वर्गाने ‘सहा चोक’ म्हणायचं आणि उरलेल्यांनी ‘चोवीस’. पाढ्याची सुरुवात पकडून चालण्याची सवय अशीच सुटते.

पायरी चौथी: सुटं आठवणं

जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा याला उत्तम. त्रिकोणी कार्डं कापा. एका कोपऱ्यात ७, दुसऱ्यात ८, वरच्या टोकाला ५६. अंगठ्याने ५६ झाकला की गुणाकार. ८ झाकला की ‘सात गुणिले किती छप्पन्न?’, म्हणजे भागाकार. एका कार्डात दोन्ही कामं होतात. बेरीज-वजाबाकीचीही तशीच कार्डं करता येतात, रंग फक्त वेगळा ठेवा.

एका वेळी नवीन कार्डं दोन, फार तर तीन. त्यांच्यात चांगली येणारी सात-आठ मिसळायची. नवीन दहा कार्डं एकदम हातात दिली की मूल दहाही विसरतं, वर ‘मला येत नाही’ हे मात्र पक्कं करतं. रोज पाच-सात मिनिटं पुरतात. शनिवारी तासभर बसवून पाढे घोकून घेण्यापेक्षा रोजची पाच मिनिटं कितीतरी जास्त टिकतात.

अडलं तर काय करायचं, हे ठरवून ठेवा. तीन-चार सेकंद थांबायचं. मग विचारायचं, “कशावरून काढता येईल?” काढता आलं तर छान. नाही आलं तर उत्तर सरळ सांगून टाकायचं, ताणायचं नाही. मुलाने पूर्ण वाक्य म्हणायचं, ‘सहा साते बेचाळीस’. ते कार्ड दोन-तीन कार्डांनंतर पुन्हा पुढे आणायचं. चुकीचं उत्तर हवेत लटकत ठेवून “नीट आठव, नीट आठव” करत राहिलं की ते चुकीचंच डोक्यात बसतं.

कार्डांसाठी मिठाईचे तीन खोके. पहिल्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली एक दिवसाआड, तिसऱ्यातली आठवड्यातून एकदा. बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की थेट पहिल्यात. जर्मनीतल्या सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात ही खोक्यांची पद्धत लोकप्रिय केली आणि भाषा शिकणारे लोक ती अजून वापरतात. विसरायला थोडं लागलं की आठवून बघायचं, हे तिच्यामागचं तत्त्व. आठवण्याच्या खटपटीनेच गोष्ट पक्की होते. समोर लिहिलेला पाढा दहादा वाचून ते होत नाही. त्यामुळे पाढा दहा वेळा लिहून आणण्याचा गृहपाठ मी देत नाही. त्यात मुलं आधी सगळे ‘सात’ उभे लिहितात, मग सगळे ‘गुणिले’, मग १ ते १०. हात दुखतो, डोकं बंद असतं.

द्विशिक्षकी शाळेत एका वेळी दोन-तीन वर्ग सांभाळायचे असतात, हे माहीत आहे. तिथे कार्डं मुलांच्या हाती द्या. चौथीतल्याने दुसरीतल्याला विचारायचं. विचारणाऱ्याला उत्तर कार्डावर दिसतं, त्यामुळे त्याचंही आपोआप पक्कं होतं, आणि ताई-दादा झाल्याचा तोरा असतोच.

मराठी संख्यानामांचा पेच

“सहा नवे?” “चोपन्न.” आणि वहीत ४५. हे तुम्ही बघाल, वारंवार बघाल. याला पाढा येत नाही असं म्हणू नका. पाढा आलाय, लिहिताना घसरलाय. चोपन्न म्हणताना चार आधी ऐकू येतो, चोवीसमध्येही चारच आधी, आणि मूल ऐकतं त्या क्रमाने लिहितं.

पाढ्यांत हे जास्त छळतं, त्याचं कारण आहे. २ ते ९ च्या पाढ्यांची दुणेपासून नवेपर्यंतची सगळी उत्तरं काढली तर वेगवेगळी ३१ निघतात. त्यांतल्या सहा जोड्या एकमेकींच्या उलट्या आहेत: १२ आणि २१, १८ आणि ८१, २४ आणि ४२, २७ आणि ७२, ३६ आणि ६३, ४५ आणि ५४. म्हणजे उलटं लिहिलेलं उत्तरही पाढ्यातलंच दिसतं. मुलाला संशय येत नाही आणि तपासणाऱ्याला वाटतं, पाढा चुकलाय. आणखी एक काटा म्हणजे ४९. ‘एकोणपन्नास’ मधलं पन्नास ऐकून मुलं ५९ लिहितात.

ओळखायचं कसं? दोन प्रश्न वेगळे करा. आधी तोंडी, “सहा नवे किती?” थोड्या वेळाने दुसरंच काहीतरी चाललेलं असताना, “चोपन्न लिही बघू.” दुसऱ्यात चुकलं तर पाढे बाजूला ठेवून संख्यालेखनावर या. दशकाची कार्डं (१०, २०, ३०…) रुंद आणि एककाची निम्म्या रुंदीची करा. ५० च्या शून्यावर ४ चं कार्ड ठेवलं की ५४. ठेवताना म्हणायचं, “पन्नास आणि चार, चोपन्न.” सहा उलट्या जोड्या आणि ४९ एवढ्यांचाच सराव घेतला तरी बराच फरक पडतो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना जागोजागी खुलासे करावे लागले. मराठी बुडाली, असं म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी चोपन्नचे ४५ लिहिणाऱ्या मुलाशेजारी बसून बघितलं होतं, देव जाणे. माझ्या वर्गात चोपन्नच म्हणतात. लिहिताना मात्र पन्नास-चारचा आधार घेतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत तो आपोआप सुटतो.

वेग, घड्याळ आणि भीती

उत्तर पटकन यावं हे खरं, पण त्यासाठी सगळ्या वर्गासमोर घड्याळ लावून उभं करू नका. घाबरलेल्या मुलाच्या डोक्यातली जागा भीतीच खाते, आणि काल आलेलं आज येत नाही. भिंतीवर नावांपुढे चांदण्या लावणंही टाळा. खालच्या चार नावांना त्या तक्त्याकडे बघायचीसुद्धा इच्छा राहत नाही. वेग मोजायचाच तर ज्याचा त्याच्याशी: मागच्या सोमवारी मिनिटात किती कार्डं झाली, या सोमवारी किती. आणि तेही कार्डं दुसऱ्या-तिसऱ्या खोक्यात गेल्यावर. गोलाच्या टप्प्यावरच्या मुलाला घाई केली की ते पुन्हा बोटांवर जातं किंवा अंदाजे ठोकून देतं.

वेग खेळातून जास्त चांगला येतो. पत्त्यांतून चित्रं आणि दश्श्या काढा. दोघांनी एकेक पान उघडायचं, गुणाकार आधी सांगेल त्याची पानं. दोघं साधारण बरोबरीचे बघून बसवा. नाहीतर हौजी: नऊ घरांचा चौकोन आखून मुलांनी त्या ३१ उत्तरांतली कुठलीही नऊ भरायची, तुम्ही ‘तीन आठे’, ‘सात नवे’ पुकारायचं. पहिल्या दिवशी कुणीतरी ४७ लिहितं आणि वाट बघत बसतं. हळूहळू हुशार मुलं १२, १८, २४ घ्यायला लागतात, कारण ती दोन-दोन जोड्यांतून येतात. ४९ नि ८१ कुणी घेत नाही.

घरच्यांसाठी थोडं

सेमी-इंग्रजीतलं मूल शाळेत ‘टू टू जा फोर’ म्हणतं, घरी आजी ‘बे दुणे चार’ शिकवते. दोन्ही चुकीचं नाही, पण कच्च्या वयात दोन्हीचं ओझं नको. ज्या भाषेत पाठ केलं त्याच भाषेत ते पटकन आठवतं, हे तुम्ही स्वतःवर ताडून बघा. मोठेपणी इंग्रजीत काम करणारी माणसंही हिशोब मनात मराठीतच करतात. एक भाषा धरा, ती पक्की झाल्यावर दुसरीत नुसतं उत्तर सांगायचा सराव द्या.

तीसपर्यंत पाढे हवेत का, असं पालक विचारतात. दहापर्यंतचे कसेही विचारले तरी येत असतील तर बारा, पंधरा, सोळा, पंचवीस जरूर करा, व्यवहारात ते रोज लागतात. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणाऱ्यांना वीसपर्यंत आले तर सोयीचं. पण सात आठे अडत असताना एकोणतिसाचा पाढा म्हणून दाखवण्यात अर्थ नाही. सतरा सक हवे असतील तर दहा सक साठ आणि सात सक बेचाळीस, एकशे दोन. पावकी, निमकी, दिडकी, औटकी (पाव, अर्धा, दीड, साडेतीनचे पाढे) आजोबांना येत असेल तर गंमत म्हणून ऐका. रुपये-आणे-पैच्या हिशोबाला तिची गरज होती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि ती गरज ओसरली. निमकी मात्र मी अजून घेतो, अर्धं करता येणं हाताशी हवंच.

सगळं करूनही बसत नसेल तर

आधी साध्या गोष्टी बघा: फळा दिसतो का, ऐकू नीट येतं का, गैरहजेरी किती आहे. दहाच्या जोड्यांपर्यंत मागे जाऊन तिथून सुरुवात करा. तरीही चांगले सहा-आठ महिने नियमित सराव होऊन ५ + ३ ला प्रत्येक वेळी एकपासून मोजावं लागत असेल, दोन संख्यांतली मोठी कुठली हे चटकन कळत नसेल, तर डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे संख्या आणि हिशोब शिकण्यातली विशिष्ट अडचण, असू शकतो. त्याचा आळशीपणाशी किंवा बुद्धीशी संबंध नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेत त्याचा समावेश आहे. तपासणी तज्ज्ञांकडूनच करून घ्यायची, वर्गात आपण शिक्का मारायचा नाही. तोवर त्या मुलाला पाढ्यांचा तक्ता वहीत चिकटवून द्या आणि भागाकाराची रीत त्याच्या आधाराने शिकू द्या. पाठ होईपर्यंत त्याचं बाकीचं गणित अडवून ठेवू नका.

दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी बरंच धुऊन नेते, हे धरूनच चाला. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात तेच आठ प्रश्न पुन्हा विचारा आणि खुणा गेल्या वर्षीच्या खुणांशेजारी लिहा. बरोबरच्या खुणेचे काही गोल झालेले दिसतील. त्यांच्यासाठी बे एकेपासून सुरू करायची गरज नसते. ती कार्डं पहिल्या खोक्यात टाका. एकदा पक्कं झालेलं असेल तर आठ-दहा दिवसांत ती परत तिसऱ्या खोक्यात पोचतात. रेघ झाली असेल तिथे मात्र ट्रे आणि चिंचोके पुन्हा काढा.